बेणं कडू की गोड : कोल्हापूर परिसरात पाच दिवस, सम्मादिट्ठीच्या अभ्यासासाठी

कोल्हापूरच्या आसपास हिंडायला माघ-फाल्गुन सगळ्यात बरा. पंचगंगा उतरलेली असते, मसाई पठारावरचं ऊन अजून सोसवतं, आणि मुख्य म्हणजे गुऱ्हाळं चालू असतात. बौद्ध अभ्यासाच्या सहलीत गुऱ्हाळाचं काय काम, ते पाचव्या दिवशी कळेल.

गट आठ-दहा जणांचाच असावा. त्याहून मोठा झाला की चर्चा थांबते आणि भाषण सुरू होतं. रोज एकच सुत्त (बुद्धाचा पालीतला उपदेश) घ्यावं, आदल्या रात्री वाचून यावं, सोबत छापील प्रत ठेवावी. दिवसाला तीन सुत्तं घेतली तर तिसऱ्याच्या वेळी माणसं माना डोलवायला लागतात, आणि मान डोलली म्हणजे समजलं असं नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लेण्यांसाठी विजेरी, कोरी वही एवढं पुरे.

एक गोष्ट निघण्याआधीच सांगून टाकावी. सम्मादिट्ठीचं मराठी ‘सम्यक दृष्टी’ होतं आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘बरोबर मत’ असा लावतो. पाली सुत्तांत नुसता ‘दिट्ठि’ हा शब्द बहुतेक ठिकाणी तक्रारीच्याच सुरात येतो : धरून ठेवलेलं मत. सम्मादिट्ठी हे धरून ठेवायचं नसतं, त्यानं बघायचं असतं. चष्मा नाकावर असला तर कामाचा, मुठीत आवळला तर फुटतो.

पहिला दिवस : घाट, ब्रह्मपुरी, टाऊन हॉल

सकाळी सातच्या आत पंचगंगेच्या घाटावर पोचावं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या वर प्रयाग चिखलीला मिळतात, तेच पाणी इथं येतं. माघात ते इतकं शांत असतं की पावसाळ्याची कल्पना येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली, आंबेवाडीची माणसं तेव्हा नावांतून बाहेर काढावी लागली.

पहिल्या दिवशीचं वाचन इथंच, पायरीवर बसून करावं : मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातलं अलगद्दूपम सुत्त, त्यातला तराफ्याचा भाग. माणूस गवत, काटक्या, फांद्या, पानं जमवून तराफा बांधतो, हातापायांनी वल्हवत पैलतीराला जातो. तिथं गेल्यावर ‘यानं माझ्यावर उपकार केले’ म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालायला लागला, तर ते शहाणपण होईल का? महापुरात नावेतून बाहेर पडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नाव घरी नेऊन कुणी देव्हाऱ्यात ठेवली नाही.

या दाखल्याचा गैरवापर मात्र सर्रास होतो. ‘बुद्धानंच सांगितलंय धम्मसुद्धा सोडायचा’ असं म्हणून माणसं शील, अभ्यास, बैठक सगळं अलीकडच्या काठावरच टाकतात. सुत्तात तराफा सोडायचा तो पैलतीरावर. नदीच्या मध्यावर सोडला तर बुडतो, आणि अलीकडे सोडला तर अंगाला पाणीच लागत नाही. तराफा तरण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, एवढंच वाक्य आहे. त्यातला पहिला अर्धा भाग गाळून दुसरा अर्धाच वापरला की घोटाळा होतो.

घाटाजवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. वर आता वस्ती आहे, तेव्हा उघडं उत्खनन बघायला मिळेल या अपेक्षेनं जाऊ नये. १९४४ ते १९४६ च्या खोदकामांत इथं सातवाहन काळातलं नगर सापडलं आणि रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचे पुरावे हाती आले. त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये, कोल्हापुरात एका जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले होते. त्यातल्या दगडी करंड्यावर ब्राह्मी अक्षरांत एक ओळ होती : ‘बम्हस दानं धमगुतेन कारितं’. दान बम्हाचं, करवून घेतलं धम्मगुत्तानं. बस्स, इतकंच. काय मिळावं म्हणून दिलं, कुठला लोक मिळेल, याचा एक शब्दही नाही.

ही ओळ वहीत उतरवून घ्यावी, कारण दुपारचा विषय तिच्यातूनच निघतो. महाचत्तारीसक सुत्तात सम्मादिट्ठीचे दोन थर सांगितले आहेत. खालचा, संसारी माणसाचा थर सुरू होतो तो ‘अत्थि दिन्नं’ या दोन शब्दांनी. दिलेलं असतं, म्हणजे दिल्याला अर्थ आहे. पुढं यादी येते : यजन आहे, हवन आहे, चांगल्या-वाईट कर्मांना फळ आहे, हा लोक आहे, परलोक आहे, आई आहे, बाप आहे, ओपपातिक, म्हणजे आईबापांविना आपोआप उपजणारे, सत्त्व आहेत, स्वतः अनुभवून सांगणारे श्रमण-ब्राह्मण आहेत. सुरुवात आत्मा, निब्बाण असल्या मोठ्या शब्दांनी होत नाही. दिलेलं वाया जात नाही आणि आईबापांचं काही देणं लागतो, इथून होते. यादीतला परलोक पुष्कळांना टोचतो. तो चौथ्या दिवसासाठी राखून ठेवावा.

वरचा थर आर्य सम्मादिट्ठीचा : मार्ग वाढवणाऱ्या आर्य चित्तातली प्रज्ञा. दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग यांचं ज्ञान, ही व्याख्या इतर सुत्तांतली. खालचा थर वगळून वरच्यावर उडी मारणारे अभ्यासक प्रत्येक गावात भेटतात. शून्यतेवर तासभर बोलतील, घरी म्हाताऱ्या आईला औषध द्यायचं बायकोवर सोपवतील.

संध्याकाळी टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय पाहावं (सोमवार टाळून). ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती इथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे. तिच्यापुढं पाच मिनिटं उभं राहिलं तरी सातवाहनांच्या काळातलं हे गाव किती उघड्या दारांचं होतं ते ध्यानात येतं.

दुसरा दिवस : पोहाळ्याची लेणी

नाश्त्याला मिसळ होणारच. एकच बारकावा बघावा : दुसऱ्या वाटीचा कट मागताना भूक बोलते आहे की जीभ? उत्तर लिहायचं नाही, फक्त बघायचं. वेदना (नुसतं जाणवणं) कुठं संपते आणि तण्हा (हवंहवंसं वाटणारी ओढ) कुठं सुरू होते ती जागा ओळखायला कोल्हापूरच्या कटाइतकं चांगलं साधन नाही.

ज्योतिबाच्या वाटेवर कुशिऱ्याजवळ पोहाळे गाव आहे, कागदोपत्री पोहाळे तर्फ आळते. लेणी ज्योतिबाच्या डोंगराच्या अंगाला. मुख्य लेणं म्हणजे विहार : मधे खांबांचं दालन, भोवती भिक्खूंच्या खोल्या. ज्योतिबाला जाणारी हजारो माणसं शेजारून जातात, आत वळणारी मोजकी. चैत्राच्या यात्रेच्या दिवसांत मात्र या रस्त्याला येऊच नये.

विहाराची रचना हीच आजची शिकवण. महावेदल्ल सुत्तात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त सांगतो की सम्मादिट्ठी उपजायला दोन गोष्टी लागतात : ‘परतो घोसो’, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं, आणि ‘योनिसो मनसिकार’, म्हणजे मुळाशी जाऊन विचार करणं. उपजलेल्या सम्मादिट्ठीला फळ धरायला पाच आधार लागतात : सील (आचरण), सुत (ऐकून शिकणं), साकच्छा, समथ (मन शांत करणं), विपस्सना (नीट निरखून बघणं). त्यातली साकच्छा म्हणजे चर्चा दालनात व्हायची, समथ आणि विपस्सना खोलीत. वर्षावासाचे तीन महिने डोंगरात पाऊस कोसळत असताना माणसं इथं राहायची, ती दालन आणि खोली यांच्यात ये-जा करत. नुसत्या खोल्या खोदल्या असत्या तर प्रत्येक जण आपापल्या समजुतीत गुरफटला असता. नुसतं दालन असतं तर ते चावडी झालं असतं.

म्हणून इथं दोन्ही करावं. आधी दालनात पाऊण तास. एकानं परिच्छेद वाचायचा. दुसऱ्यानं तो पुस्तकाकडे न बघता आपल्या बोलीत सांगायचा. तिसऱ्यानं फक्त एवढंच सांगायचं की मूळ मजकुरात नसलेलं काय घुसलं आणि असलेलं काय गळालं. आमचे गुरुजी असं म्हणतात, अमक्या पुस्तकात तसं आहे, हे त्या पाऊण तासात बंद. मग अर्धा तास एकेकानं गप्प बसायचं. क्रम उलटा केला तर चालत नाही. आधी शांत बसलं की चर्चेच्या वेळी माणसं आपापले अनुभव सांगत सुटतात आणि सुत्त बाजूला राहतं.

दुपारी सावलीत बसून वहीचं काम. धम्मचक्कप्पवत्तन सुत्त चार आर्यसत्यं सांगून थांबत नाही, प्रत्येकाचं काम ठरवून देतं. दुःख पुरतं ओळखायचं. समुदय, म्हणजे दुःखाचं कारण असलेली तण्हा, सोडायचा. निरोध, म्हणजे दुःखाचं थांबणं, प्रत्यक्ष करायचा. मार्ग वाढवायचा. प्रत्येक सत्याला तीन टप्पे : हे असं आहे, याचं असं करायचं आहे, ते केलं. चार त्रिक बारा. ही कामं आपापसांत बदलली की साधना बिघडते. बहुतेक जण दुःख सोडायला बघतात आणि तण्हा ओळखून ठेवतात. व्हायला पाहिजे बरोबर उलटं.

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत आणि या आठवड्यातलं एक खरं दुःख घ्यावं. समजा, उसाचं बिल अडकलंय. पहिल्या रकान्यात ते जसं आहे तसं : रात्री झोप लागत नाही, हप्ता तुंबलाय, घरात चिडचिड होते. दुसऱ्या रकान्यात हमखास चूक होते. ‘समुदय’ या शब्दाखाली माणूस ‘कारखाना’ लिहितो. बिल द्यायचं काम कारखान्याचंच, आणि मागायला जायचंच, मोर्चाही काढायचा. पण हा रकाना त्यासाठी नाही. तो विचारतो : बिल न आल्यावर त्याला तू स्वतः काय जोडलंस? शेजाऱ्याचं आलं आणि माझं नाही, याची जळजळ? मुलीच्या लग्नात चारचौघांत मान राहायला पाहिजे, ही ओढ? ते लिहायचं. तिसरा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. त्यात ही ओढ पाच मिनिटं का होईना नसताना कसं वाटलं होतं तेवढंच लिहावं, काल्पनिक निब्बाण लिहू नये. चौथ्या रकान्यात उद्या करायची एकच गोष्ट. दोन लिहिल्या की एकही होत नाही.

याचा उलटा गैरसमजही खोडून काढावा : सगळं दुःख आपल्याच मनात आहे, बाहेर कुणाचा दोष नाही. असं सुत्तात कुठंही नाही. ते सांगणाऱ्याला बहुधा कुणाचं तरी बिल बुडवायचं असतं.

तिसरा दिवस : मसाई पठार

पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार. जांभ्याचं, अफाट, झाड विरळ. पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे जाणारी, पावनखिंडीच्या मोहिमांची वाट इथूनच जाते. सकाळी आठपर्यंत वर असावं, बाराच्या आत सावली गाठावी. पठाराच्या अंगाला पांडवदरा म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत. सह्याद्रीत कुठलंही लेणं सापडलं की गावकरी ते पांडवांच्या नावे करतात : एका रात्रीत खोदलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं. राग धरायचं कारण नाही. करणारे विसरले गेले की नावाची जागा रिकामी राहत नाही. मनातही तसंच होतं. अनुभव कशामुळे आला हे माहीत नसलं की तिथं लगेच एखादं भलतं नाव येऊन बसतं.

आजचं वाचन पुन्हा अलगद्दूपमच, पण तराफ्याच्या आधीचा भाग. ज्याच्यावरून सुत्ताला नाव पडलं तो सापाचा दाखला. साप धरायला गेलेला माणूस त्याला वेटोळ्याला किंवा शेपटीला धरतो, साप वळून हाताला डसतो. जाणता माणूस आधी ‘अजपद दंडानं’, म्हणजे शेळीच्या खुरासारख्या बेचक्याच्या काठीनं, डोकं दाबतो आणि मग मानेला धरतो. साप तोच, फरक धरण्याचा. धम्मही असाच वाईट तऱ्हेनं धरता येतो, आणि त्याची ओळख सुत्तात दिली आहे : दुसऱ्यावर टीका करायला आणि वादात सुटका करून घ्यायला म्हणून जो शिकतो, त्यानं शेपूट धरली. जांभ्याच्या फटींत फुरसं असतं, तेव्हा दगडाखाली हात घालू नये. ही सूचना खरीखुरी आहे, दाखला नव्हे.

वेटोळ्याला धरल्याचे दोन नमुने वारंवार दिसतात. एक ‘अनत्ता’चा, म्हणजे कायमचा ‘मी’ कुठं सापडत नाही या शिकवणीचा. ‘मी नाहीच’ असं म्हणून माणूस जबाबदारीतून सुटतो : मी नाही तर शब्द कुणी मोडला? सब्बासव सुत्तात ‘मला आत्मा आहे’ आणि ‘मला आत्मा नाही’ ही दोन्ही मतं एकाच दिट्ठींच्या जंगलात घातली आहेत. रूप (देह), वेदना, सञ्ञा (ओळख), सङ्खार (मनाच्या घडणी), विञ्ञाण (जाणीव) यांतल्या समोर आलेल्या एकेकाला ‘हे माझं नाही, हा मी नाही’ असं तपासणं, एवढंच काम सांगितलं आहे.

दुसरा नमुना कम्माचा. तुझ्या नशिबी आलं ते मागच्या जन्मीचं. हे इतक्यांदा इतक्यांना ऐकवलं गेलं आहे की पुष्कळांना तो बुद्धाचाच विचार वाटतो. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक नेमका हाच प्रश्न घेऊन येतो आणि बुद्ध वेदनांची आठ कारणं मोजून सांगतो : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कम्माचा विपाक. आठांतलं एक. सगळंच पूर्वकर्मानं होतं असं म्हणणारे स्वतःला माहीत असलेल्याच्या आणि जगात सत्य मानलं गेलेल्याच्या पलीकडे जातात, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. पठारावर हा भाग फार सोपा होतो. दुपारी डोकं दुखलं तर ते ऋतूमुळे, टोपी आणली नाही म्हणून. पाय भरले तर ती अयोग्य वागणूक, वर्षभर चाललो नाही त्याची. तिथं मागच्या जन्माला बोलवायची गरज पडत नाही.

उतरताना पाणी संपतं. खाली गावात भरून घ्यावं.

चौथा दिवस : माणगाव आणि आळते

दोन्ही गावं हातकणंगले तालुक्यातली, एका दिवसात होतात. माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय २८. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी लोकांना सांगितलं. गाव लहान आहे, बघायला वेळ लागत नाही. बसायला लागतो.

इथं परलोकाचा राखून ठेवलेला प्रश्न घ्यावा. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथात, जो १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला, सम्मादिट्ठीचा हेतू अविद्येचा नाश हा आहे. त्यासाठी कर्मकांडावरचा विश्वास, शास्त्रांचं पावित्र्य, चमत्कार, नुसत्या कल्पनेवर उभी मतं सोडावी लागतात, आणि मन मोकळं लागतं. पाली यादीत परलोक आहे, या मांडणीचा रोख नेमका त्याच्या उलट दिशेला. दोन्ही एकच आहे असं म्हणून वेळ मारून नेणं हे अभ्यासकाला शोभत नाही. फरक आहे, तो वहीत फरक म्हणूनच लिहावा.

पण मग साधना अडते का? त्याचं उत्तर कालाम नावाच्या लोकांना सांगितलेल्या सुत्तात आहे, आणि ते भाग लोक वाचत नाहीत. ‘ऐकीव म्हणून मानू नका, परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका’ ही दहांची यादी भिंतीवर लावलेली सगळीकडे दिसते. त्या यादीत ‘तर्कानं’ आणि ‘आपल्या मताशी जुळतं म्हणून’ हेही आहेत, हे भिंतीवर बहुतेक वेळा नसतं. त्यापुढं कसोटी येते : लोभ, द्वेष, मोह उपजल्यावर हित होतं की अहित, हे स्वतः बघा, जाणत्यांनी निंदलेलं आहे का तेही बघा, आणि मग सोडा किंवा धरा. आणि शेवटी चार दिलासे. परलोक असेल तर द्वेष नसलेल्या माणसाची गत चांगली होईल. नसेल तर इथंच, या आयुष्यात, तो वैराशिवाय सुखानं राहतो. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल तर मी वाईट योजलेलं नाही. होत नसेल तरी दोन्हीकडून मी शुद्धच. परलोकाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज या चार वाक्यांत संपते.

एक बोचरी गोष्टही इथंच बोलावी. सोतापन्नाचे, म्हणजे मुक्तीच्या वाटेच्या प्रवाहात पहिल्यांदा उतरलेल्याचे, तीन बंध तुटतात त्यात ‘सीलब्बतपरामास’ हा एक : आचार आणि व्रतं ही नुसती केल्यानं शुद्धी होते असं धरून बसणं. रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील एका दमात म्हणून झालं आणि बाहेर येऊन पहिला शब्दच खोटा निघाला, तर पंचशीलाचं कर्मकांड झालं. उपाय अवघड नाही. पाचही शिक्षापदं पालीत म्हणावीत आणि आठवड्यापुरतं एकच मराठीत मोडून बघावं. ‘मुसावादा वेरमणी’च्या आठवड्यात ‘मी घरी नाही म्हणून सांग’ हे पहिलं सापडतं.

आळत्याला रामलिंग रस्त्यावर धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे. ते बघायची जागा नाही, राहायची आहे, तेव्हा मौन चालू असताना आत डोकावू नये. दहा दिवसांचं शिबिर आधी नोंदणी करून मिळतं, शुल्क नसतं, दान घेतात तेही शिबिर पुरं केलेल्याचंच. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस श्वासावर आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात आणि मौन सुटतं. बिघडतं कुठं, तर पाचव्या-सहाव्या दिवशी. एका बैठकीत अंगभर सूक्ष्म लहर येते आणि पुढच्या चार बैठका माणूस तीच परत यावी म्हणून बसतो. बाहेरून बघणाऱ्याला साधना दिसते, आत तण्हेची बेगमी चालू असते. पाय जास्त दुखल्यानं बैठक वाया जात नाही. लहरीची वाट बघण्यानं जाते. रात्रीचं प्रवचन दमल्यामुळे नुसतं कानावरून जाऊ दिलं, तर बिघाड नक्की. ‘सुत’ हा आधार तिथंच मिळत असतो.

पाचवा दिवस : गुऱ्हाळ

पहाटे सहाला करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातलं कुठलंही चालू गुऱ्हाळ. मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवावं, आणि चुलवाणाच्या वाटेत उभं राहू नये. अख्खा दिवस इथंच घालवायचा.

अंगुत्तर निकायाच्या दहाच्या निपातात बीजाचं सुत्त आहे. कडुनिंबाचं, कडू दोडक्याचं किंवा कडू भोपळ्याचं बी ओल्या जमिनीत टाकलं, तर ते जमिनीचा आणि पाण्याचा जो जो रस ओढून घेतं तो सगळा कडूपणाकडे जातो. उसाचं, साळीचं किंवा द्राक्षाचं बी त्याच जमिनीत टाकलं, तर तोच रस गोड होतो. का? बी कडू म्हणून, बी गोड म्हणून. मिथ्यादृष्टीच्या माणसाची देहाची, वाचेची, मनाची कृती, त्याची इच्छा आणि निश्चय सगळं नकोशा, अहिताच्या फळाकडे जातं, सम्मादिट्ठीच्या माणसाचं सगळं हिताकडे.

शेतकऱ्याला यात नवं काही नाही. बेणं, म्हणजे लावणीसाठीचा ऊस, घ्यायचं ते नऊ ते अकरा महिन्यांचं, बेणेमळ्यातलं, डोळे फुगीर असलेलं, मुळ्या न फुटलेलं. खोडव्याचं किंवा कीड लागलेलं बेणं स्वस्तात मिळालं म्हणून लावलं, की वर्षभर खत-पाणी चोख देऊनही फड वाढत नाही. खत-पाणी वाईट नव्हतं. उलट जोमाच्या खतानं रोगट फडाचा रोगच पोसला जातो. साधनेत ही गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते : चुकीच्या समजुतीवर मेहनत वाढवली तर चूक वाढते. आळशी माणसाची मिथ्यादृष्टी बरी म्हणायची, तिला निदान खत मिळत नाही.

आता काहिलीकडे. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत, येतो, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. तापायला लागल्यावर ठेचलेल्या भेंडीच्या झाडांचा चिकट रस घालतात, हजार लिटर रसाला साधारण दोन किलो झाडं. मळी वर येते ती काढत राहायचं. उकळी फुटायच्या आधी पहिली मळी निघाली पाहिजे. एकदा उकळीत मिसळली की निघत नाही आणि गूळ काळपट होतो. रस आंबट असतो म्हणून चुन्याची निवळी. कमी पडली तर गूळ मऊ राहतो, जास्त झाली तर रंग जातो आणि चवीला मारतो. फेस वर यायला लागला की थोडं तेल. शेवटी गुळव्याचं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचं, खरं काम. पाक साधारण ११८ अंशांवर आला की काहील उतरवायची. थर्मामीटर असला तरी बहुतेक गुळवे थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकतात, गोळी वळून बघतात, भांड्यावर टाकून आवाज ऐकतात. दोन मिनिटं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो.

महाचत्तारीसक सुत्तातलं ‘सम्मादिट्ठि पुब्बङ्गमा’, म्हणजे सम्मादिट्ठी पुढं चालते, हे वाक्य बहुतेक जण ‘पहिली पायरी’ असं समजतात : ती चढलो, आता दुसरी. गुळव्याकडे बघितल्यावर तो अर्थ टिकत नाही. जाळ घालणारा एक, मळी काढणारा दुसरा, रस आणणारा तिसरा, आणि गुळव्या सगळ्यांच्या भोवती फिरत असतो. त्याची नजर पहिल्या मळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत. सुत्तातही अगदी तसंच आहे. मिथ्या संकल्पाला मिथ्या आणि सम्यक संकल्पाला सम्यक म्हणून ओळखणं ही सम्मादिट्ठी. मिथ्या सोडून सम्यक धरायची धडपड हा सम्मावायाम. ते भानावर राहून करणं ही सम्मासति. हे तीन धर्म प्रत्येक अंगाभोवती धावतात, फिरत राहतात. संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, सगळ्यांभोवती हेच तिघं. आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, चुकीच्या दृष्टीला ‘ही चुकीची’ म्हणून ओळखणं हीच तिथं सम्मादिट्ठी म्हटली आहे. मळी वर आली याचा अर्थ रस बिघडला असा होत नाही. मळी दिसली, आता काढा.

एका गोष्टीबद्दल मात्र गुळव्यालाच विचारावं. बाजारात पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाची, पावडर पडते. रंग लगेच उजळतो. महिन्या-दोन महिन्यांत तोच गूळ काळवंडतो, आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. चांगला, बिनपावडरीचा गूळ तांबूस-तपकिरी दिसतो आणि गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतं. धम्मपदाच्या सुरुवातीलाच दोन गाथा आहेत : असारात सार बघणारे आणि सारात असार बघणारे साराला पोचत नाहीत, सारात सार आणि असारात असार ओळखणारे पोचतात. शिबिरातला उजळ चेहरा, तोंडपाठ गाथा, पांढरे कपडे यांच्यावरून साधकाची परीक्षा करणारे गुळाच्या सौद्यातही फसतात.

यथावकाश पहिली काहील उतरते. पाक वाफ्यात ओततात, फावड्यानं हलवून निववतात, मग कापड घातलेल्या साच्यांत भरतात. रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुरता घट्ट व्हायला वेळ लागतो. त्याच्या आत हात लावायला गुळव्या कुणालाच देत नाही, मालकालाही नाही. गरम काकवी मागितली तर वाटीभर मिळते, त्यात ओलं खोबरं घालून खावं. तोवर दुसऱ्या काहिलीचा रस भरलेला असतो, चुलवाणात चिपाडं सारली जात असतात, आणि हिरवट मळीचा पहिला थर वर येऊ लागलेला असतो.